शेवटची बोली: छावणीच्या गुरुवार बाजारापासून मोबाइलवरच्या लिलावापर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, त्यामुळे भाषा थोडी घरगुती वाटेल, सांभाळून घ्या.

दुपारचे दोन वाजून एकोणसाठ मिनिटं. छावणीतल्या आमच्या घरी मी आणि माझा मामेभाऊ. मी त्याला दादा म्हणतो. मोबाइल माझ्या हातात, कारण दादाचा हात थरथरत होता. स्क्रीनवर एक जुना पिकअप टेम्पो. हप्ते थकले म्हणून कुणाचा तरी ओढून आणलेला आणि आता ऑनलाइन लिलावात काढलेला. लिलाव तीन वाजता संपणार होता. आमचा प्लॅन एकदम पक्का: दिवसभर गप्प बसायचं, कुणाला आपण आहोत हे कळू द्यायचं नाही, आणि शेवटच्या दहा सेकंदांत बोली मारायची. समोरच्याला उत्तर द्यायला वेळच मिळणार नाही. दादाची मर्यादा होती ३ लाख १० हजार. बोली चालू होती २ लाख ७६ हजारांवर.

दहा सेकंद राहिले. मी बटण दाबलं. २ लाख ८० हजार, आणि आम्ही पहिल्या नंबरवर! दादाने माझ्या पाठीत धपाटा घातला. आणि तेवढ्यात वरचं घड्याळ परत पाच मिनिटांवर गेलं.

आम्हाला वाटलं नेट गंडलं. नेट नव्हतं गंडलं. पुढे काय झालं ते सांगतोच, पण त्याआधी मला तुम्हाला थोडं मागे न्यायचंय. कारण "शेवटच्या क्षणी बोली लावा आणि स्वस्तात मिळवा" हा सल्ला आज रील्सवर मिळत असला, तरी तो साडेतीनशे वर्षांहून जुना आहे. आणि तो हाणून पाडायचे उपायसुद्धा तितकेच जुने आहेत.

बाजार उठायच्या वेळी

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी: छावणी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा, जुन्या औरंगाबादचा, लष्करी भाग. खाम नदीवरचा लोखंडी पूल ओलांडला की आमची हद्द सुरू. निजामाच्या काळात इथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजेंट नावाची फौज राहायची. फौज आली की बाजार येतोच. आमचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो. भाजी, धान्य, कपडे तर आहेच, पण गाई-बैल, म्हशी, शेळ्यांचाही बाजार भरतो.

आई गुरुवारी भाजीला कधीच सकाळी जायची नाही. दिवस कलला की पिशवी काढायची. सकाळी दहाला मिळणारी मेथीची जुडी संध्याकाळी पाचला मिळायची, कारण भाजीवालीला ती परत गावाकडे न्यायची नसायची. आता ही वेळ साधायची पहिली पद्धत: किंमत उतरत जाते, आणि तुम्ही वाट बघता. धोका एकच, फार वाट बघितली तर चांगला माल संपतो. फुलांच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या नेदरलँड्समधल्या आल्समीरला हेच घड्याळावर चालतं. किंमत वरून खाली येते आणि जो पहिल्यांदा बटण दाबेल त्याला माल.

पण याच बाजारातली एक दुसरी गोष्ट मला आजोबांनी सांगितली होती. १९७२ चा दुष्काळ. चारा नाही, पाणी नाही. आजोबा बैलजोडी घेऊन पायी छावणीच्या बाजारात आले. सकाळी एकाने भाव विचारला आणि निघून गेला. दुपारी तोच परत आला, कमी भाव बोलून परत गेला. संध्याकाळी आला तेव्हा सकाळच्या निम्म्यावर होता. आजोबा म्हणायचे, "त्याला माहीत होतं रे. बैल घरी न्यायचे तर खायला काय घालू? तो थांबू शकत होता, मी नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ज्याच्यात थांबायची ताकद, वेळ त्याच्या बाजूची.

रुमालाखालची बोटं

आजोबांचा सौदा झाला तो रुमालाखाली. जुन्या बाजारात ही पद्धत सगळीकडे होती. दोघांचे हात कापडाखाली, बोटं धरून, दाबून आकडा सांगायचा. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. शेतमालाच्या बाजारात याला हत्ता पद्धत म्हणायचे. तिथे अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली भाव ठरवायचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी नुसता उभा!

यात शेतकऱ्याचं नुकसान फक्त फसवणुकीमुळे होत नव्हतं. शेजारच्या ढिगाला काय भाव मिळाला हेच कळत नसेल, तर थांबायचं की विकायचं हे तो ठरवणार कसा? म्हणून बाजाराला नियम लावायची सुरुवात झाली. भारतातला पहिला नियंत्रित बाजार आपल्याच महाराष्ट्रात आहे: १८८६ मध्ये कारंजा लाड इथला कापसाचा बाजार, आजच्या वाशिम जिल्ह्यात. मग १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडे, तिथे असा कायदा १९३० मध्ये आला. महाराष्ट्र झाल्यावर १९६३ चा कृषी उत्पन्न बाजाराचा कायदा आला. बाजार समितीच्या आवारात रुमाल गेला आणि उघड लिलाव आला. जनावरांच्या बाजारात रुमाल त्यानंतरही बरीच वर्षं टिकला.

जाता जाता, "लिलाव" हा शब्द मराठीत आला पोर्तुगीजांकडून. त्यांच्या भाषेत "लैलांव". आपण मात्र गणपतीतल्या नारळापासून जप्तीतल्या घरापर्यंत सगळ्याला तो लावून टाकला.

उघड लिलावातली एक गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकलीय की तिच्याकडे लक्षच जात नाही. "एक वार... दोन वार..." आणि तेवढ्यात कुणी वाढीव बोली बोललं की? मोजणी परत पहिल्यापासून! "एक वार..." म्हणजे इथे शेवटचा क्षण आधी ठरलेलाच नसतो. सगळे गप्प झाले की तोच शेवट. शेवटच्या सेकंदाला घुसायला सेकंदच शिल्लक ठेवलेला नाही.

मग प्रश्न असा, की शेवटचा क्षण ठरलेला असेल तर माणसं काय करतात?

धूर खाली बसतो तेव्हा

चला लंडनला. १६६२ चा सप्टेंबर. सॅम्युएल पेपिस नावाचा आरमाराच्या कचेरीतला एक अधिकारी. त्याची रोजनिशी पुढे जगप्रसिद्ध झाली. त्या दिवशी आरमाराच्या जुन्या जहाजांचा लिलाव होता. त्या काळी तिथे लिलावाला मेणबत्ती लावायचे. इंचभर मेणबत्ती पेटवायची, आणि ज्योत विझायच्या आधी ज्याची बोली शेवटची, माल त्याचा.

साहजिकच सगळे ज्योतीकडे डोळे लावून बसायचे आणि विझता विझता एकदम ओरडायचे. पण एक गडी दरवेळी नेमका शेवटी बोलत होता. पेपिसने त्याला कारण विचारलं. त्याने सांगितलं, ज्योत विझायच्या अगदी आधी धूर वर जायच्या ऐवजी खाली येतो. बाकीचे ज्योत बघत होते, हा धूर बघत होता!

मला हा माणूस फार आवडतो. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण शेवटच्या सेकंदाला बोली मारणाऱ्यांचा तो मूळ पुरुष. लक्षात घ्या, त्याने जास्त पैसे आणले नव्हते. लिलाव कसा संपतो एवढंच त्याने बाकीच्यांपेक्षा नीट बघितलं होतं.

मेणबत्ती परत पेटली, पण कॉम्प्युटरवर

आता थेट १९९५. अमेरिकेत पिएर ओमिड्यारने एक लिलावाची साइट सुरू केली, तीच पुढे ईबे झाली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती चक्क बिघडलेला लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. आपल्याकडे २००० मध्ये मुंबईत बाझी डॉट कॉम सुरू झालं. २००४ मध्ये ईबेने सुमारे ५ कोटी डॉलरला ते विकत घेतलं आणि ईबे इंडिया असं नाव दिलं. २०१८ मध्ये ती साइट बंद झाली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती बघितलीही नसेल.

ईबेवर "एक वार, दोन वार" म्हणणारा माणूस नव्हता. घड्याळ होतं. मंगळवारी रात्री ९ वाजून १४ मिनिटांनी संपणार म्हणजे संपणार. म्हणजे पुन्हा मेणबत्तीच, आणि धूर बघायचीसुद्धा गरज नाही, सेकंद समोर दिसतायत. मग व्हायचं तेच झालं. लोक शेवटच्या सेकंदांत तुटून पडायला लागले. त्याला नाव पडलं स्नायपिंग, म्हणजे लपून नेम धरणं. तुमच्या वतीने शेवटच्या क्षणी आपोआप बोली लावणारी सॉफ्टवेअर निघाली.

पण याचा फायदा खरंच होतो का? एक उदाहरण घेऊ. हैदराबाद संस्थानाचं एक जुनं टपाल तिकीट लिलावात आहे. बोली चालू आहे १००० रुपयांवर. तुमची कमाल मर्यादा १५००. ईबेवर तुम्ही थेट १५०० भरून ठेवू शकत होतात. साइट तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवायची. दुसऱ्या कुणाची मर्यादा १२०० असेल, तर तुम्हाला ते साधारण १२०० च्या थोडं वर मिळणार, १५०० ला नाही.

साधारण असाच विचार विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये कागदावर मांडला होता: बंद पाकिटातल्या लिलावात जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत भरायची असेल, तर आपला खरा आकडा लिहिणं हेच शहाणपणाचं. १९९६ मध्ये त्याला नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत तो गेला.

या हिशोबाने बघितलं तर खरा आकडा आधीच भरून मोकळं व्हावं, शेवटच्या सेकंदाची काय गरज? गरज दोन कारणांनी. एक, समोरचा माणूस यंत्र नसतो. त्याची मर्यादा १२०० असते, पण तुम्ही त्याच्या पुढे गेलेलं दिसलं की तो १३०० करतो, मग १४००. त्याला चिडायला वेळच दिला नाही तर तो १२०० वर थांबतो. दोन, तुम्ही जाणकार असाल तर तुमची बोलीच चुगली करते. तिकिटांतला दर्दी माणूस या तिकिटावर बोली लावतोय म्हणजे त्यात काहीतरी आहे, असं बाकीच्यांना कळतं.

अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकनफेल्स या दोन अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये यावर एक सुंदर अभ्यास छापला. त्या वेळी अॅमेझॉनवरही लिलाव चालायचे, पण तिथला नियम वेगळा होता. शेवटच्या १० मिनिटांत बोली आली की वेळ आणखी वाढायची. म्हणजे आपलं "एक वार, दोन वार". अभ्यासात दिसलं, की ईबेवर शेवटच्या क्षणाची गर्दी अॅमेझॉनपेक्षा कितीतरी जास्त. आणि ईबेवरसुद्धा जुन्या, दुर्मीळ वस्तूंना ती कॉम्प्युटरपेक्षा जास्त, कारण जुन्या वस्तूंत जाणकाराच्या माहितीला किंमत असते. माणसं साधारण तीच, हाव तीच. फक्त संपायचा नियम बदलला आणि वागणं बदललं. रॉथला पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं, ते बाजार कसे रचावेत यावरच्या कामासाठी.

शेअर बाजारवाल्यांनो, तुमच्याही अॅपमध्ये ही मेणबत्ती आहे बरं का. सकाळी ९ वाजता प्री-ओपन सुरू होतं. २०१० पासून आपल्याकडे हे आहे. ऑर्डर टाकायची खिडकी ९ वाजून ७ मिनिटं ते ९ वाजून ८ मिनिटं, या एका मिनिटात कधीही अचानक बंद होते. नेमकी कधी, हे कुणालाच कळत नाही. धूर बघणाऱ्या त्या गड्याचा असा बंदोबस्त केलाय!

परत टेम्पोकडे

आता तुम्हाला कळलंच असेल आमचं काय झालं. आमचा लिलाव मेणबत्तीचा नव्हताच, तो "एक वार, दोन वार"चा होता. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की पाच मिनिटं वाढ. आपल्याकडच्या बँकांच्या जप्तीच्या मालमत्तांच्या ई-लिलावांत बहुतेक ठिकाणी असाच वाढीव वेळेचा नियम असतो. आमच्या लिलावाच्या अटींच्या कागदातही तो स्वच्छ लिहिलेला होता. आम्ही तो कागद डाउनलोड केला होता, उघडला नव्हता.

तीन वाजता संपणारा लिलाव चार वाजून दहा मिनिटांनी संपला. समोर एकच जण उरला होता. तो दोन हजार वाढवायचा, आम्ही दोन हजार. ३ लाख १० हजार कधी गेले कळलंच नाही. दादा म्हणाला, "आता इथवर आलो, सोडायचं कशाला?" आणि मी त्याला अडवायच्या ऐवजी बटण दाबत राहिलो. बोट माझं होतं, पैसे त्याचे. ३ लाख ६४ हजारांवर समोरचा गप्प झाला आणि आम्ही "जिंकलो".

दादाने जमवलेले होते ३ लाख १० हजार. वरचे ५४ हजार मुदतीत उभे राहिले नाहीत. आधी भरलेली २५ हजारांची अनामत बुडाली. दूध घालायच्या धंद्यासाठी गाडी घ्यायची म्हणून वहिनीने भिशीतून उचललेले पैसे होते ते. त्या रात्री घरात कुणी मला काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

आमचे २५ हजारांवर निभावलं. घर किंवा दुकान असतं तर? बँक जप्त मालमत्ता सरफेसी कायद्याखाली विकते तेव्हा जिंकणाऱ्याला किमतीच्या २५ टक्के रक्कम लगेच भरावी लागते, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी. उरलेले ७५ टक्के साधारण १५ दिवसांत. नाही भरले तर भरलेली रक्कम जप्त. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे २५ टक्के पूर्ण जप्त करणं योग्य ठरवलं. म्हणजे ४० लाखांच्या फ्लॅटवर तोंडातून जास्तीचा आकडा निघाला, तर १० लाख पणाला.

लिलावात हरण्यापेक्षा जिंकणं महाग पडतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरणही एका छावणीतलंच आहे. रोममध्ये, इसवी सन १९३. बादशहाच्या अंगरक्षक सैनिकांनी बादशहाला मारलं आणि आपल्या छावणीतून चक्क सिंहासनाचाच लिलाव पुकारला. दोघे बोली लावत होते, एक तटाच्या आत, एक बाहेर. बाहेरचा डिडियस ज्युलियानस. आतल्याने प्रत्येक सैनिकाला २० हजार नाणी कबूल केली, तर याने चढाओढीत एकदम २५ हजार म्हटलं. जिंकला. ६६ दिवस राज्य केलं आणि मारला गेला.

मग स्वस्तात मिळवायचं कसं?

मी या सगळ्यातून काय शिकलो ते सांगतो. आधी वेळ साधायला जाऊ नका, आधी विचारा: हा लिलाव संपतो कसा? घड्याळ ठरलेल्या वेळी थांबणार असेल, तर तुमची खरी मर्यादा एकदाच, अगदी शेवटी टाका. पण नेट दगा देऊ शकतं, म्हणून सेकंदावर नका जाऊ. वेळ वाढत जाणार असेल, तर शेवटच्या क्षणाला काही किंमत नाही. तिथे वेळ साधायची ती लिलावाच्या आधी: वस्तू जाऊन बघणं, थकलेला कर आणि दंड तपासणं, अटी वाचणं. "जसं आहे तसं, जिथं आहे तिथं" असं लिहिलेलं असतं, ते गंमत म्हणून नाही. शिवाय कमी लोक येतील अशा लिलावांवर लक्ष ठेवा. स्वस्त मिळतं ते तिथे.

आणि आजोबांचं वाक्य. थांबायची ताकद ज्याची, वेळ त्याची. १९७२ मध्ये आजोबांकडे ती नव्हती, कारण चारा नव्हता. आमच्याकडे त्या दुपारी होती. गाडी नाही मिळाली तरी आम्ही उपाशी मरणार नव्हतो. तरी आम्ही ती ताकद स्वतःहून टाकून दिली. आणि हेही विसरता येत नाही, की तो टेम्पो कुणाचा तरी होता, ज्याचे हप्ते थकले होते. तो त्या लिलावात आजोबांच्या जागी उभा होता.

दादाने सहा महिन्यांनी परत एकदा प्रयत्न केला. या वेळी आकडा कागदावर लिहून देव्हाऱ्याशेजारी चिकटवला. बोली त्याच्या वर गेली. त्याने मोबाइल पालथा ठेवला आणि चहा मागितला. तिसऱ्या वेळी वीस मिनिटं आधीच आपली बोली टाकली, पुढे कुणी आलंच नाही. २ लाख ८८ हजारांत गाडी मिळाली. दर गुरुवारी पहाटे लोखंडी पुलावरून ती आमच्या बाजारात येते, दुधाच्या कॅनचा आवाज करत.

तुमचा लिलावाचा किस्सा असेल, जिंकलेला किंवा हरलेला, तर नक्की पाठवा. हरलेला असेल तर आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात.